उदाहरण चुकीचे आहे

नववीच्या घटक चाचणीचे पेपर तपासताना एका उत्तरपत्रिकेशी थबकले. शेवटच्या, चार गुणांच्या प्रश्नाखाली मुलीनं लिहिलं होतं:

१८५ ÷ २ = ९२.५० + १८५ = २७७.५०
पण २८० दिले आहे. उदाहरण चुकीचे आहे.

खाली रेघ मारलेली, तीही पट्टीनं. मी शून्य दिलं आणि पुढचा पेपर ओढला. ते शून्य कुठवर बरोबर होतं आणि कुठे चुकलं, ते इथे नोंदवते आहे. मुलीचं नाव आणि शाळा सांगत नाही. तालुक्याच्या गावातली मराठी माध्यमाची शाळा, आणि मुलगी आसपासच्या वाडीवरून एसटीनं येणारी, एवढं पुरे.

प्रश्न असा होता: एसटीच्या अर्ध्या तिकिटाचे भाडे पूर्ण भाड्याच्या निम्मे असते, आरक्षण शुल्क मात्र दोन्हींना सारखेच पडते. पुण्याला जाण्यासाठी आरक्षणासह एका पूर्ण तिकिटाला १८५ रुपये लागतात. एक पूर्ण आणि एक अर्धे अशा दोन तिकिटांना आरक्षणासह २८० रुपये लागतात. तर पूर्ण भाडे आणि आरक्षण शुल्क काढा. आकडे माझे. उदाहरणाचा साचा जुना आहे, बीजगणिताच्या पुस्तकांत बहुतेक वेळा रेल्वेच्या तिकिटांचा असतो. मी त्याला एसटीत बसवलं, कारण आमच्या मुलांनी एसटी जास्त पाहिली आहे असं मला वाटलं. त्यातही एक गफलत होती, पण ती नंतर.

चमत्कारिक गोष्ट अशी की त्याच पेपरात आधीचे दोन प्रश्न तिनं एकही खाडाखोड न करता सोडवले होते. त्यातला एक: ३क्ष + २य = १६ आणि क्ष − य = २. (पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात, इथे मी क्ष आणि य लिहिते.) दुसऱ्या समीकरणाला २ ने गुणलं, बेरीज केली, य चा लोप झाला (म्हणजे तो गळून गेला), ५क्ष = २०, क्ष = ४, य = २. उत्तराभोवती चौकट. पूर्ण गुण. म्हणजे एकाच पानावर वर समीकरणांची जोडी बिनचूक सोडवणारी आणि खाली समीकरणांचं नावही न काढणारी अशी एकच मुलगी.

शिक्षक खोलीत अशा वेळी ठरलेलं वाक्य असतं: "शाब्दिक उदाहरणं म्हणजे मराठीचा प्रॉब्लेम. पोरं वाचतच नाहीत." मीही तेच मानत होते. तिनं "सारखेच" हा शब्द गाळला, म्हणून अख्ख्या १८५ चे निम्मे केले, असं माझं निदान. वर्गातल्या बऱ्याच जणांनी तर प्रश्न कोराच सोडला होता, तेव्हा हिनं निदान काही लिहिलं तरी, अशीही एक मनाची समजूत.

मधल्या सुट्टीत तिला बोलावलं.

"वाच बघू मोठ्यानं."

तिनं वाचलं, स्वच्छ, अजिबात न अडखळता. मराठीचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

"सारखेच म्हणजे काय गं?"

"म्हणजे पूर्णवाल्याला जेवढं, तेवढंच अर्ध्यावाल्याला."

"मग तुझ्या या साडेब्याण्णवमध्ये आरक्षण किती धरलंस?"

ती कागदाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "निम्मं."

"आणि हवं होतं?"

"पूर्ण." जरा थांबली. "म्हणजे माझं निम्मं आरक्षण कमी पडलं. दोनशे ऐंशीला अडीच रुपये कमी पडले. म्हणजे निम्मं आरक्षण अडीच." आणि मग घाईघाईनं, "आरक्षण पाच, बाई! आणि भाडं एकशेऐंशी."

ताळा करून पाहा: पूर्ण तिकीट १८० + ५, अर्धं ९० + ५, एकूण २८०. बरोबर. मिनिटभरसुद्धा लागलं नव्हतं, क्ष नाही की य नाही. ज्या "चुकीत" मी शून्य दिलं होतं, त्या २७७.५० मध्येच उत्तर दडलं होतं. २८० मधून तो आकडा वजा केला की निम्मं आरक्षण हाताशी येतं. चार गुणांसाठी मी जी रीत शिकवली होती, तिच्यापेक्षा ही सरळ होती.

मग तिनं मला विचारलं, "मग क्ष आणि य कशाला घ्यायचे, बाई?"

त्या दिवशी माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. "मोठ्या उदाहरणात लागतात" असं काहीतरी बोलले. तिलाही ते पटलं नाही, हे तिच्या "हं" वरून कळलं.

एक चिठ्ठी

पण एक गोष्ट मनातून जाईना. जी मुलगी इतका नेटका विचार करू शकते, तिनं पेपरात "उदाहरण चुकीचे आहे" म्हणून थांबावं का? म्हणून दुसऱ्या दिवशी एका चिठ्ठीवर फक्त एवढंच लिहून दिलं: क्ष + य = ५. उकल सांग.

"दुसरं समीकरण कुठाय?"

"नाहीये. एवढंच आहे."

"मग नाही सुटणार."

"क्ष ३ आणि य २ घेतलं तर?"

"जुळतं. पण ते अंदाजानं झालं ना बाई, सोडवून नाही."

या प्रकरणाची गाठ मला या वाक्यात दिसली. तिच्या लेखी उकल म्हणजे रीत संपल्यावर शेवटी जे उरतं ते. दोन समीकरणं एकाखाली एक मांडलेली दिसली की यंत्र सुरू होतं, गुणा, मिळवा, लोप करा, चौकटीत लिहा. "जी किंमत ठेवल्यावर विधान खरं ठरतं ती उकल" ही पुस्तकातली व्याख्या तिला तोंडपाठ होती. ताळासुद्धा ती करायची, पण गृहपाठावर सही घ्यावी तसा, सगळं झाल्यावर. ताळा जुळणं हीच उकल आहे, तिच्या मागून येणारं वेगळं काम नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी म्हणजे मीच.

आणखी दोन जोड्या दिल्या. क्ष + य = ५ आणि २क्ष + २य = १०. तिनं पहिल्या समीकरणाला २ ने गुणलं, वजाबाकी केली, ० = ० आलं. चौकटीत "उत्तर ०". दुसरी जोडी: क्ष + य = ५ आणि क्ष + य = ७. वजाबाकी केल्यावर ० = २. इथे तिनं सगळं खोडलं आणि पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं, मग माझ्याकडे बघितलं. दोन संख्यांची बेरीज एकाच वेळी पाचही आणि सातही कशी असेल, हे तिला विचारायचं सुचलं नाही. कारण क्ष आणि य या तिच्यासाठी संख्याच नव्हत्या. ती नुसती सरकवायची अक्षरं होती.

आणि ती पहिली ओळ? १८५ ÷ २ = ९२.५० + १८५ = २७७.५०. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजू समान नाहीत. तिच्यासाठी ते चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिही", कॅल्क्युलेटरवरचं बटण. पहिलीपासून ३ + ४ = च्या पुढे रिकामी जागा भरत आलेल्या मुलांना दुसरं काय वाटणार? रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञानं १५५७ साली हे चिन्ह काढलं, तेव्हा सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा निवडल्या, कारण त्यांच्यापेक्षा जास्त समान अशा दोन गोष्टी असूच शकत नाहीत, असं त्यानं लिहून ठेवलं. दोन्ही पारडी समतोल, असा त्याचा अर्थ. सहावीत तराजूचं चित्र काढून आपण तेच शिकवतो, आणि सातवीत "बाजू बदलली की चिन्ह बदलतं" म्हणून तो तराजू अडगळीत टाकतो.

सामाईक विहीर

माझं शिकवणं कसं झालं होतं तेही सांगायला हवं. "दोन चलांतील रेषीय समीकरणे" हे प्रकरण मी लोपाच्या रीतीनं सुरू केलं होतं, आठवडाभर तीच घोटून घेतली, आणि शाब्दिक उदाहरणं शेवटच्या दोन तासांत उरकली. दहावीच्या पुस्तकात हेच प्रकरण पहिलं येतं, आलेख आणि क्रेमरची पद्धत (अशी समीकरणं सोडवण्याची आणखी एक रीत) त्यात असते, तेव्हा "पुढे होईलच" हा आधारही होता.

या वेळी उलटीकडून सुरुवात केली. अख्ख्या वर्गासमोर तेच तिकिटाचं उदाहरण फळ्यावर लिहिलं आणि सांगितलं, कोणीही क्ष लिहायचा नाही. पूर्ण भाडं किती असेल, नुसता अंदाज सांगा.

कोणीतरी म्हणालं १००. मग आरक्षण किती? १८५ मधून १०० गेले, ८५. अर्धं तिकीट? ५० अधिक ८५, १३५. दोन्ही मिळून? ३२०. हवेत २८०. चाळीस जास्त झाले. पुढचा अंदाज १५०: आरक्षण ३५, अर्धं तिकीट ११०, एकूण २९५. मग १६०: एकूण २९०. १७०: एकूण २८५. फळ्यावर तक्ता उभा राहत होता आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "भाडं दहानं वाढवलं की एकूण पाचनं उतरतंय." दर वेळी तेवढंच, कमी नाही की जास्त नाही. "रेषीय" हा शब्द मी इतकी वर्षं "घात एक असतो" असं सांगून शिकवत आले. त्या दिवशी तो पोरांनी तक्त्यात पाहिला. पुढचा अंदाज कोणी अंदाजानं केलाच नाही, सगळे एकदम १८० म्हणाले.

मग मी शेवटच्या ओळीतला १८० पुसून तिथे क्ष लिहिला. अंदाजाच्या जागी क्ष, बाकी गोष्ट तीच. आरक्षण १८५ − क्ष. अर्धं तिकीट क्ष/२ + १८५ − क्ष. हे अधिक १८५ बरोबर २८०. समीकरण "मांडायचं" म्हणजे काय, तर आत्ता आकड्यांनी जे केलं तेच एकदा अक्षरानं करायचं. इथे माझ्या मुलीनं (आता ती "माझी" झाली होती) मान हलवली, पण प्रश्न कायमच: हे तर एका क्ष मध्येच झालं, मग दोन समीकरणं कुठली?

आरक्षणाला य म्हटलं. पहिलं वाक्य: क्ष + य = १८५. दुसऱ्या वाक्यातून पहिलं वजा केलं की नुसतं अर्धं तिकीट उरतं: क्ष/२ + य = ९५. मी विचारलं, या दोन ओळींना एकसामयिक समीकरणं म्हणतात, एकसामयिक म्हणजे काय? एका मुलानं ठोकून दिलं, "सामाईक विहिरीसारखं असेल, बाई."

वर्ग हसला. शब्दाच्या अंगानं त्याचं चूकच होतं, एकसामयिक म्हणजे एकाच वेळचं. पण गणिताच्या अंगानं त्याच्याइतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. दोन भावांची शेतं वेगळी, विहीर एकच. दोन वाक्यं वेगळी, पण दोन्हींत जो क्ष आहे तो एकच, आणि य ही तोच. पहिल्या वाक्याला चालणाऱ्या जोड्या पुष्कळ: (१००, ८५), (१५०, ३५), (१६०, २५). दुसऱ्यालाही पुष्कळ: (१००, ४५), (१६०, १५), (१७०, १०). दोघांना मिळून चालणारी एकच, (१८०, ५). त्या दिवसापासून वर्गात "सामाईक जोडी" हाच शब्द रूढ झाला. मीही दुरुस्त केला नाही.

आलेख काढले तेव्हा आणखी एक गंमत. दोन रेषा एकमेकींना इतक्या तिरक्या आणि जवळून छेदतात की जाड टोकाच्या पेन्सिलीनं काढणाऱ्यांना १७५ पासून १८५ पर्यंत काहीही उत्तर येत होतं. छेदनबिंदू हीच सामाईक जोडी, हे आलेखानं दाखवलं. ती नेमकी किती, हे मात्र लोप करूनच कळलं. रीत कशाला लागते, याचं एक उत्तर मिळालं.

भास्कराचार्यांचे दोन सावकार

"क्ष आणि य कशाला" या प्रश्नाचं दुसरं उत्तर देण्यासाठी मी भास्कराचार्यांच्या बीजगणितातलं एक उदाहरण घेतलं. बाराव्या शतकातला ग्रंथ. त्यांच्या नातवानं स्थापलेल्या मठाचा शिलालेख आपल्याच चाळीसगावजवळ पाटण्याला आहे, हे सांगितल्यावर मुलं जरा सरसावून बसली. उदाहरण असं: पहिला म्हणतो, "मित्रा, तू मला शंभर दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन." दुसरा म्हणतो, "तू मला दहा दिलेस, तर मी तुझ्या सहापट होईन." दोघांकडे किती धन?

तिनं लगेच लिहिलं: २(क्ष + १००) = य. दोन चुका एका ओळीत. एक, देणाऱ्याचे शंभर कमी झालेच नाहीत. दुसरी जास्त गहिरी: "मी दुप्पट" ऐकलं की आपला हात स्वतःलाच २ नं गुणतो. ज्याच्याकडे जास्त आहे त्याला आणखी मोठं केलं की तराजू बिघडणारच. ही चूक फक्त नववीच्या पोरांची नाही. अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना "प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत" एवढं वाक्य समीकरणात लिहायला दिलं, तेव्हा एकतृतीयांशाहून जास्त जणांचं समीकरण चुकलं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी ६ चुकीच्या बाजूला लिहिला होता. १९८१ साली ते संशोधन छापून आलं. मी हे वर्गात सांगितलं नाही, नाहीतर "मग आम्हालाच का बोलता" झालं असतं.

उपाय तोच, अंदाजाचा तक्ता. पहिल्याकडे ६० आहेत असं धर. शंभर मिळाल्यावर १६०. हे दुसऱ्याच्या दुप्पट, म्हणजे दुसऱ्याकडे उरले ८०, आधी होते १८०. आता दुसरी अट: १८० + १० = १९०, पहिल्याकडे उरले ५०, त्याची सहापट ३००. जुळत नाही. हे करताना तिनं स्वतःच आधीची ओळ खोडली आणि लिहिलं:

क्ष + १०० = २(य − १००)
य + १० = ६(क्ष − १०)

इथे तिची ती मिनिटभराची युक्ती चालेना. वजाबाकी करून काही दडलेलं निघेना. लोप केला, क्ष = ४०, य = १७० आले, ताळा जुळला. "इथे लागतात," ती म्हणाली. मला उत्तर द्यावंच लागलं नाही.

भास्कराचार्यांची स्वतःची मांडणी याहून हुशारीची आहे. ते एकच अज्ञात घेतात. देवघेव झाल्यावर दुसऱ्याकडे जे उरेल ते या, म्हणजे पहिल्याकडे तेव्हा २या. मग मुळात पहिल्याकडे २या − १००, दुसऱ्याकडे या + १००. पहिली अट आपोआप पाळली गेली. दुसरीतून ११या = ७७०, या = ७०. हा "या" म्हणजे यावत्तावत्, जितकं असेल तितकं. एकाहून जास्त अज्ञातं असली की कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं. अज्ञाताचं नावच "जितकं तितकं" असल्यावर ते संख्या आहे हे विसरायची सोय कुठे उरते? आपण क्ष घेतला आणि ती आठवण हरवली, असं मला राहून राहून वाटतं. अर्थात हे माझं मत, गणिताच्या इतिहासातला निष्कर्ष नाही.

माझी गफलत, आणि उरलेलं

आता ती एसटीची गोष्ट. ही मुलगी रोज एसटीनं येते, पण तिनं कधी तिकीट काढलेलं नाही. मुलींना शाळेसाठी अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास असतो. आरक्षण तर तिच्या घरात कोणी केलेलंच नाही, वीस-पंचवीस किलोमीटरसाठी कोण करतं? आणि तिच्या घरी अर्धं तिकीट म्हणजे लहान मुलाचं नाही, आईचं. १७ मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीत निम्मं भाडं आहे. कंडक्टरकडे आई पैसे देते ते सरळ निम्मे, त्यात वेगळा आकार तिच्या नजरेला कधी पडलाच नाही. १८५ चे अर्धे ९२.५० हे तिच्या अनुभवाशी सुसंगत होतं. ओळखीचं उदाहरण द्यावं म्हणून मी एसटी निवडली आणि त्यात तिला अनोळखी अशी एकच गोष्ट होती, नेमकी तिच्यावरच उत्तर अडलं.

सगळं सुधारलं असं नाही. बरोबरच्या चिन्हांची आगगाडी ती अजून लिहिते, घाई असली की हमखास. नावेच्या उदाहरणात प्रवाहाच्या दिशेचा वेग आणि उलट दिशेचा वेग यांची अदलाबदल करते. वर्गातल्या काही मुलांना अंदाजाचा तक्ता इतका आवडला की ती समीकरणापर्यंत येतच नाहीत, आकडे घालत राहतात, आणि उत्तर अपूर्णांकात असलं की पाच-सहा ओळींनंतर पेन खाली ठेवतात. त्यांच्यासाठी काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही. शिवाय या साऱ्याला नेहमीपेक्षा पाच तास जास्त गेले. ते मी भूमितीतून कापले.

तिचं शून्य मी बदललं नाही, पेपर जमा झाला होता. पण पुढच्या चाचणीत मुद्दाम एक प्रश्न घातला: ३ वह्या आणि २ पेनांचे ८० रुपये होतात, ६ वह्या आणि ४ पेनांचे १५० रुपये होतात, तर एका वहीची व एका पेनाची किंमत काढा. दोन गुण. बऱ्याच जणांच्या पेपरात ० = १० पर्यंत जाऊन खाडाखोड होती. तिनं समासात दोन अंदाज घालून पाहिले होते, आणि खाली लिहिलं होतं:

उदाहरण चुकीचे आहे. वस्तू दुप्पट घेतल्या तर १६० व्हायला पाहिजेत. सामाईक जोडी नाही. (किंवा दुकानदाराने १० रुपये सोडले.)